मोजेवाल्यावर पाळत

सोमवार, ४ मार्च

तिचा फोन आला. मी दुकानात एका लॅपटॉपचा पंखा साफ करत होतो, दातांत स्क्रू धरलेला. नंबर बघितला आणि स्क्रू गिळता गिळता राहिला.

"काय रे भडकू, आहेस का जिवंत?"

कॉलेजात माझं हेच नाव होतं. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, नाव काही सुटलं नाही. तिच्या तोंडून ऐकायला चालतं. दुसरं कोणी म्हणालं असतं तर फोनमधून हात घातला असता.

काम असं आहे. ती आता मधमाश्यांवर संशोधन करते. संस्थेच्या गच्चीवर माश्यांच्या पेट्या आहेत, पेट्यांत माइक आहेत आणि रात्रभराची गुणगुण केबलवरून खाली प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर उतरते. माश्या पेटी सोडून जायच्या बेतात असल्या की त्यांचा आवाज बदलतो म्हणे. तो बदल आधीच ओळखता येतो का, हे तिला दाखवायचंय. आवाजाचं गणित करणारं, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एक पॅकेज, म्हणजे तयार सामान, आहे आणि ते काही केल्या इन्स्टॉल होत नाही. एकोणीस तारखेला समितीपुढे सादरीकरण. तोवर आकडे निघाले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद.

"बंद म्हणजे?"

"म्हणजे मी घरी आणि माझ्या पेट्या दुसऱ्या कुणाकडे."

"संस्थेत एवढी शिकलेली माणसं आहेत. मग मलाच का?"

"यायचं नसेल तर तसं सांग ना."

हे काही उत्तर झालं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. पण उद्या जातोय. मालकांना सांगून दुपारनंतर सुटका करून घेतलीय.

वहीची काळजी घ्यायला हवी. मी ताई-भावजींकडे राहतो आणि ताईला या घरात एकही वस्तू आहे तिथे बघवत नाही. आज गादीखाली ठेवतो.

मंगळवार, ५

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, वर काचेची भांडी, कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. तो एकच आहे, आणि तो दोघे मिळून वापरतात. ती आणि एक माणूस.

हा माणूस बूट दाराशी काढतो आणि दिवसभर मोज्यांवर फिरतो. आजचे मोजे पिवळे. पावलाचा आवाज म्हणून नाही! मी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या चौकटीत, डोकं घालून बसलो होतो, सहज मागे वळलो तर हा उभा. हातात दोन चहा.

"कसं जमतंय?"

"जमेल."

"मलाही दाखवाल का नंतर? माझ्या लॅपटॉपवर टाकायचंय."

ओळख ना पाळख, आणि एवढं गोड. चहा मी प्यायलो, पण आधी त्याने प्यायची वाट बघितली.

पॅकेज बसत नाही. लाल अक्षरांचा नुसता पूर येतो आणि शेवटी म्हणतं, कंपायलर नाही, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅमच नाही. कंपायलर घातला तर वेगळी लाल अक्षरं. मी टेबलावर मूठ आपटली. काचेची भांडी किणकिणली आणि आतल्या खोलीतून मॅडमनी मान बाहेर काढली. मॅडम म्हणजे इथल्या प्रमुख. नुसत्या भांड्यांकडे बघून आत गेल्या.

ती त्याला नावाने हाक मारते. मला भडकू.

बुधवार, ६

जमलं!!

पायथन नवाकोरा होता आणि पॅकेज अजून जुन्याच पायथनवर चालणारं. म्हणून जुनं व्हर्जन शेजारी आणून बसवलं आणि त्याच्यावर वेगळं एन्व्हायर्नमेंट बांधलं. एन्व्हायर्नमेंट म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एका कामापुरती बांधलेली खोली. त्या खोलीत त्या कामाचंच सामान, बाहेरच्याशी भांडण नाही. बघायला गेलं तर साधं फोल्डर. मी ते डेस्कटॉपवर ठेवलं, तिला पटकन सापडावं म्हणून.

पडद्यावर गुणगुणीची पहिली आकृती उमटली तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. चांगला जोरात. अजून जाणवतोय, पण पाठीत नाही.

मोजेवाला (आज हिरवे) लांबून बघत होता. हसला. मला ते हसू आवडलं नाही.

गुरुवार, ७

बिघडलंय. कोणीतरी बिघडवलंय.

गेलो तर ती खुशीत. "काल जाताना मी सगळं आवरून ठेवलं, बघ. मॅडमना पसारा चालत नाही." टेबल खरंच लख्ख दिसत होतं. अशी मुलगी घरात असली तर घराचं काय होईल, असा विचार करत मी कॉम्प्युटर लावला, आणि डेस्कटॉपवर माझी खोली नाही! शोधशोध केली तेव्हा तिच्या कामाच्या फोल्डरात आत कुठेतरी निघाली. उघडली. नाव बरोबर दिसतं, आत सामान जागच्या जागी दिसतं. आणि चालवायला गेलो तर म्हणतं, असं पॅकेजच नाही.

म्हणजे कोणीतरी खोली उचलली, आत काहीतरी नासवलं, वर पुन्हा साळसूदपणे तिच्याच फोल्डरात ठेवून दिली, म्हणजे आळ तिच्यावर यावा. कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं दोन. तिच्यावर संशय घ्यायला मी काय वेडा आहे?

तिला काही विचारलं नाही. उगाच घाबरेल. म्हटलं, थोडी गडबड आहे, बघतो. सगळी खोली नव्याने बांधली. संध्याकाळ झाली.

मोजेवाल्याच्या खांद्यावर पांढरा, वाळलेला डाग होता. कसलं केमिकल वापरतो हा? इथे तर सगळं माश्यांचं काम.

वही भावजींच्या जुन्या बॅगेत.

शुक्रवार, ८

काल निघताना मी हुशारी केली होती. खोली डेस्कटॉपवर बांधली, ती सगळी चालू झाल्यावर उचलली आणि प्रिंटरच्या फायलींत नेऊन पुरली. नावही बदललं. तिला जागा सांगितली नाही. सांगितली तर ती बोलताबोलता त्याला सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही.

आज गेलो. तीच रड. नाव दिसतं, सामान दिसतं, पॅकेज नाही.

तिथेही पोचला तो!

पुन्हा बांधली. एका पेटीचं गणित व्हायला सात-आठ तास लागतात, आणि रात्री कॉम्प्युटर फक्त रेकॉर्डिंगला राखून ठेवायचा असा मॅडमचा नियम. म्हणजे तिच्या वाट्याला संध्याकाळचा एक तुकडा येतो. म्हणाली, "सकाळी मला ते सापडतच नाही रे. तू येईपर्यंत हातावर हात धरून बसते."

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. ती माझी वाट बघत बसते हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

सोमवार, ११

आज पक्का पुरावा. ती पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली, फोन हातात. त्याच वेळी याने खिडकीपाशी जाऊन फोन लावला आणि हळू आवाजात, "पिल्लू झोपलं का? खाल्लं का नीट? मी लवकर येतो हां."

पिल्लू! ऑफिसात! आणि "झोपलं", "खाल्लं", म्हणजे कोणाला संशय नको म्हणून सांकेतिक बोलणं. फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवून दहा मिनिटं डुलक्या काढल्या. रात्रभर हा माणूस काय करतो, ते मी शोधून काढणार आहे.

ती परत आली तर चेहऱ्यावर काही नाही. शिकलेली माणसं सराईत असतात.

नंतर मला गच्चीवर घेऊन गेली. डोक्यावर जाळीची टोपी चढवली, स्वतःच्या हाताने नाडी बांधली. वर गोंधळ चालला होता. टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने दुसरी पेटी चार पावलं सरकवली होती, आणि ढीगभर माश्या रिकाम्या चौथऱ्यावर घिरट्या घालत होत्या.

"आंधळ्या आहेत का? पेटी ही काय, समोर आहे."

"त्यांना पेटी कुठे माहीत असते? त्यांना जागा माहीत असते," ती म्हणाली. "बाहेर पडताना जागा पाठ करून जातात. तू पेटी हलवलीस की आतलं सगळं शाबूत, पोळं शाबूत, मध शाबूत, आणि तरी घर हरवलं. धर त्या बाजूने, परत ठेवू."

मी हं हं करत धरलं. जाळीतून ऊन येऊन तिच्या गालावर बारीक चौकटी पडल्या होत्या.

खाली उतरताना म्हणाली, "एकोणीसला येशील ना? पुढच्या रांगेत बस."

म्हणजे ऐनवेळी मशीन अडलं तर माणूस हाताशी हवा. एवढीच माझी किंमत.

बुधवार, १३

वही सापडत नव्हती. बॅगेतून गायब. शेवटी निघाली कुठे, तर माझ्याच उशाशी. म्हणजे ताईने वाचली. रात्री जेवताना दोनदा माझ्याकडे बघून हसली. ताईला आणि प्रयोगशाळेतल्या हिला एकमेकींचा नंबर कुठून मिळाला? परवा ताईच्या फोनवर हिचं नाव मी स्वतः पाहिलं. विचारलं तर म्हणते, "कॉलेजात परत नाव घालायची मुदत कधी असते ते विचारत होते." कोणाच्या नावासाठी? भावजी तर निवृत्तीला आले.

सगळे मिळालेले आहेत.

काल निघताना सापळा लावला होता. कीबोर्डवर आडवी, बारीक चिकटपट्टी. कोणी बोट लावलं तर सुटणारच. आज दुकानाआधी, कोणी यायच्या आत जाऊन बघितलं तर पट्टी जशीच्या तशी. आणि खोली नासलेली!

म्हणजे हात न लावता करतो. केबलवरून, लांबून. मोज्यांवर फिरणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

"रोज नेमकं बिघडतं काय?" तिने विचारलं. डोळ्यांखाली काळं आलंय. पाचांतल्या एका पेटीचेही आकडे पुरे झालेले नाहीत.

"तू फक्त माझ्यावर विश्वास ठेव."

"ठेवलाय रे. म्हणून तर विचारतेय."

गुरुवार, १४

आज खोली बांधली, प्रिंटरच्या फायलींत पुरली, आणि निघताना नेटवर्कची केबलच उपसून टाकली. आता ये म्हणावं कुठून येतोस ते. मोजेवाला शेवटपर्यंत बसला होता, जांभया देत. वही पुस्तकांच्या मागे.

शुक्रवार, १५

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

गेलो तर प्रयोगशाळेत मॅडम उभ्या. ती खुर्चीत, पडद्याकडे बघत. मोजेवाला भिंतीला टेकून. आज मोजे दोन रंगांचे होते, एक निळा आणि एक करडा.

तिसऱ्या पेटीतल्या माश्या सकाळी उडून गेल्या. ज्या रात्रीच्या आवाजासाठी ती हिवाळ्यापासून थांबली होती, ती रात्र कालची होती. आणि कालचं रेकॉर्डिंग शून्य. गच्चीवरची केबल ज्या भोकात जाते, त्यातून ती बाहेर लोंबत होती. काल मी नेटवर्कची म्हणून उपसलेली तीच.

मॅडम मोजेवाल्याला म्हणाल्या, "काल शेवटी तुम्ही गेलात."

"हो, पण मी केबलला..."

माझं डोकं फिरलं. त्याचा तो गरीब चेहरा बघून जास्तच. "केबल मी काढली!" मी ओरडलो. "हो, मी! आणि का काढली ते यांना विचारा! रोज रात्री हा माणूस तिचं काम नासवतो. मी लपवून ठेवलं तरी नासवतो. रात्र रात्र जागून हेच उद्योग. डोळे बघा त्याचे!"

मग तो अगदी हळू म्हणाला, "अहो, मुलगी झालीय मला. दीड महिन्याची आहे. रात्री मी सांभाळतो तिला, बायकोला झोप मिळावी म्हणून." आणि खांद्याकडे बघून शरमल्यासारखा डाग पुसायला लागला. दुधाचा. "पावलाच्या आवाजानेसुद्धा उठते हो. बूट काढायची सवयच लागलीय."

मला खाली बघायला जागा नव्हती, तिथेही त्याचे मोजे.

ती उठली. "बाहेर चल."

जिन्यात थांबली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पहिल्या दिवशी ते फोल्डर डेस्कटॉपवरून मी उचललं. मी तुला सांगितलं, सगळं आवरून ठेवलंय."

"मला वाटलं, टेबल..."

"मग मला विचारायचंस. एक शब्द. तू मला विचारलंच नाहीस. एवढे दिवस त्याच्यावर पाळत ठेवलीस, माझं काम माझ्यापासून लपवलंस आणि त्याला रक्षण म्हणालास." दोन पायऱ्या वर चढली, परत वळली. "तुला काय वाटलं, इन्स्टॉल करायला दुसरं कोणी मिळत नव्हतं मला?"

मी म्हटलं, "मग का बोलावलंस?"

"आता नाही सांगत," म्हणाली आणि वर गेली.

मॅडमनी निरोप पाठवला, पुन्हा येऊ नये.

शनिवार, १६

दुकानात कोणी गिऱ्हाईक नव्हतं. मालक खुर्चीत घोरत होते. माझ्या मशीनवर अगदी तशीच खोली बांधली. पॅकेज घातलं. चाललं. फोल्डर उचललं, दुसरीकडे ठेवलं.

असं पॅकेजच नाही.

आणि इथे मोजेवाला नव्हता.

मग पहिल्यांदा ती खोली उघडून आत लिहिलेलं सावकाश वाचलं. एवढे दिवस मी फक्त शेवटची ओळ वाचून मूठ आपटत होतो. खोली बांधताना ती स्वतःचा पत्ता स्वतःच्या आत लिहून ठेवते. पुढे कुठेही नेली तरी ती सामान जुन्याच पत्त्यावर शोधायला जाते. तिथे काही नसतं. मग ती बाहेरच्या पायथनकडे वळते, ज्याच्याकडे हे पॅकेज कधी नव्हतंच. नाव तेच, सामान शाबूत, आणि घर हरवलेलं.

रिकामा चौथरा डोळ्यांपुढे आला. मी हं हं करत होतो.

फोल्डर जुन्या जागी, जुन्या नावाने परत ठेवलं. चाललं. पुन्हा हलवलं, बंद पडलं. परत ठेवलं, चाललं. असं किती वेळ करत बसलो कोण जाणे. मालक जागे होऊन म्हणाले, "काय रे, रडतोयस का?" म्हटलं, पंख्याची धूळ.

म्हणजे कोणी काही नासवलं नव्हतं. पहिल्यांदा तिने, आवरताना, नकळत. नंतर दर वेळी मी. तिचं काम वाचवायला जेवढं लपवलं तेवढं बिघडवलं.

रविवार, १७

तिला फोन केला असता तर तिने उचलला नसता. असंही मी उगाच ठरवतोय, पण खरं हे की तिला फोन करायचं धाडस नव्हतं. ताईकडून तिला निरोप पाठवून मोजेवाल्याचा नंबर मागितला. अर्ध्या तासात आला. बरोबर एक शब्द नाही.

त्याने उचलला. मागे बाळ किंचाळत होतं.

"मी भडकू," म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"हां, बोला. थांबा, हिला खांद्यावर घेतो."

आधी माफी मागितली. नीट जमली नाही. तो म्हणाला, "अहो, माझी आई म्हणते, मी चोरासारखा चालतो. तुमचं एकट्याचं मत नाही ते." मग मी सांगितलं. प्रिंटरच्या फायलींत अमुक नावाचं फोल्डर आहे. ते उचलून डेस्कटॉपवर ठेवा, आणि नाव हे द्या. अक्षरन्‌अक्षर हेच. मग ते कुणालाही हलवू देऊ नका. मॅडमनाही. नवीन काही बांधायला नको, आत सगळं आहे.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी आत्ताच जातो. एकोणीस परवावर आलीय. आज-उद्या रात्री मशीन चालवू देतील मॅडम, मी बोलतो." मग थांबून, "तुम्ही का नाही येत?"

"मला मनाई आहे. आणि हे काही अवघड नाही. कुणालाही जमेल."

मग त्याच्या लॅपटॉपवर टाकताना काय करायचं तेही सांगितलं, पहिल्यापासून. बाळ तोवर झोपलं होतं. आम्ही दोघे कुजबुजत होतो.

संध्याकाळी ताई हातात वही घेऊन आली. "ही आज पुस्तकांच्या मागे. रोज कुठून ना कुठून निघते, मी तुझ्या उशाशी ठेवते, तू परत लपवतोस. हा काय खेळ आहे?"

"वाचलीस?"

"तुझं अक्षर कुणाला लागतंय? एक पान बघितलं, वाटलं किराणा लिहिलाय."

मग विचारलं. सरळ. "कॉलेजात नाव कोणाचं घालायचंय?"

"अरे गाढवा, तुझं. तीच मागे लागलीय माझ्या. म्हणते, त्याला आधी काहीतरी जमवू द्या, मग सांगा. तोवर बोलू नका, भडकेल."

मी तिच्या हातातून वही घेतली आणि पानं चाळत बसलो. ताईला वाटलं भडकलो. उठून निघून गेली.

सोमवार, १८

दुपारी तिचा मेसेज. "चालतंय. हात लावू नकोस."

दिवसभर त्याचे अर्थ लागत होते. माझ्यावर राग आहे. माझ्यावर नाही, फोल्डरविषयी आहे. दोन्ही. मोजेवाल्याने शेजारी बसून लिहायला लावलंय.

संध्याकाळी ठरवलं, अर्थ लावायचे नाहीत. विचारायचं. लिहिलं, "मी उद्या येऊ का?" आणि पाठवलं. असा प्रश्न मी तिला याआधी कधीच विचारलेला नाही, हे पाठवल्यावर लक्षात आलं.

उत्तराला वेळ लागला. भांडी घासून झाली, भावजींचे शर्ट एका दोरीवरून दुसरीवर वाळत घालून झाले.

"ये. मॅडमना सांगितलंय. मागच्या रांगेत बस."

मंगळवार, १९

मागच्या रांगेत बसलो. शेजारी मोजेवाला, आज बुटांत. खांद्यावर ताजा डाग.

चार पेट्यांचे आकडे पुरे झाले होते. तिसरी अर्धीच होती. समितीतल्या एकाने तिच्याविषयीच विचारलं, "त्या रात्रीचा आवाज का नाही?" ती म्हणाली, "रेकॉर्डिंग झालं नाही. चूक आमच्याकडून झाली." आमच्याकडून, असं म्हणाली. मग त्याआधीच्या रात्रींची आकृती लावली आणि माश्या निघायच्या आधी गुणगुण कशी चढत जाते ते दाखवायला लागली. तोच माणूस खुर्चीत पुढे सरकला आणि लिहून घ्यायला लागला.

बोलताना तिने एकदा मान वर करून मागच्या रांगेकडे बघितलं. तिथे आम्ही दोघे होतो. तिने कुणाकडे बघितलं, ते मी ठरवलेलं नाही. घरी जाताना विचारीन.

मोजेवाल्याला केव्हाच झोप लागली होती. त्याचं डोकं घरंगळत माझ्या खांद्यावर आलं. जड होतं. हाताला मुंग्या आल्या, मान अवघडली. तिचं बोलणं संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.